तेरा पायऱ्यांचा ऑलिंपस

आमच्या नेपरव्हिलला चढ म्हणून कुठे नव्हता. आई म्हणायची, "पोळपाटावर राहतोय आपण, लाटणं तेवढं फिरायचं बाकी आहे." नाशिकला कॉलेजात असताना तिने आसपासचे बहुतेक गड पायाखाली घातले होते. लग्न करून ती बाबांच्या मागे आधी नागपूरला आली आणि मग इलिनॉयला, म्हणजे एका सपाटीवरून दुसऱ्या सपाटीवर. बाबांना त्याचं काही वाटायचं नाही. ते सकाळच्या ट्रेनने शिकागोला जायचे, आणि संध्याकाळी गराजमध्ये बुटांवरचा बर्फ आपटून काढता काढता विचारायचे, "काय मग, आज कोणता किल्ला सर केला?" आई फोडणी परतत म्हणायची, "लाँड्रीचा." तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. ग्रीन कार्डाची फाईल कुठल्याशा ऑफिसात वर्षानुवर्षं पडून होती. हिवाळ्यात तर घर, गाडी, दुकान आणि परत घर, एवढंच तिचं जग होतं. मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि त्या वयाला शोभेल एवढी शिष्ट होते. आई मराठीत विचारायची, मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. आज माझी लेक माझ्याशी तेच करते आणि मी मुकाट्याने ऐकून घेते.

शेजारचं घर हुबेहूब आमच्यासारखं होतं, फक्त उलटं. बिल्डरने एकच नकाशा आलटूनपालटून वापरला होता. आमचा जिना दारातून आत आल्यावर डाव्या हाताला, तिथला उजव्या. पायऱ्या दोन्हीकडे तेराच, आणि सातवी पायरी म्हणजे वळणावरची रुंद चौकोनी जागा. फरक एवढाच की आमच्या जिन्यावर कार्पेट होतं आणि शेजारी उघडं, पॉलिश केलेलं लाकूड. तिथे एलेनीआजी एकटी राहायची. ती मूळची ग्रीसची, ऑलिंपस डोंगराच्या पायथ्याशी लिटोहोरो नावाचं गाव आहे तिथली. नवरा कोस्टास दोन वर्षांपूर्वी वारला होता. त्या उन्हाळ्यात आजी अंगणात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून ती खालच्या मजल्यावर हॉलमधल्या सोफ्यावर झोपायची. वरची बेडरूम, कपड्यांची कपाटं, सगळं वरच राहिलं होतं.

आई पहिल्यांदा तिच्याकडे गेली ती वांग्याचं भरीत घेऊन. गप्पा मारता मारता कळलं की आजीचे देवही वरच आहेत. बेडरूमबाहेरच्या कोपऱ्यात एका फळीवर लाकडावर रंगवलेल्या जुन्या तसबिरी होत्या, त्यांच्यापुढे लाल काचेचा तेलाचा दिवा, आणि तो दिवा आठ महिने लागलेला नव्हता. आईचा जीव खालीवर झाला. घरी येईपर्यंत ती पुटपुटत होती, "अगं बाई, देवापुढे दिवा नाही! आठ महिने!" दुसऱ्या दिवसापासून माझी नेमणूक झाली. शाळेच्या बसमधून उतरलं की आधी एलेनीआजीकडे जायचं, वर जाऊन दिवा लावायचा, मगच घरी येऊन खायचं. मी कुरकुरले, "आई, दॅट्स सो वीयर्ड, वी आर नॉट इव्हन ख्रिश्चन." आई म्हणाली, "दिव्याला काय कळतंय तू कोण आहेस ते? जा मुकाट."

गंमत म्हणजे मला ते आवडायला लागलं. मी जिन्याखाली बूट आणि मोजे काढायचे, कारण वर देव आहेत आणि देवाजवळ चपला घालून जात नाहीत, हे आईने माझ्या हाडीमाशी भरलेलं. अनवाणी पायांना ते गार लाकूड लागायचं. वर ऑलिव्ह तेलाचा आणि बंद खोलीचा वास असायचा. तेलावर तरंगणारी बुचाची चकती, तिच्यातून वर आलेली वात, काडी ओढली की क्षणभर कळकट सोनेरी चेहरे पुढे यायचे आणि परत मागे जायचे. बाहेर बर्फ पडत असायचा आणि घरात हीटरची घुरघुर तेवढी. खालून आजीचा आवाज यायचा, "लागला?" मी वरून म्हणायचे, "लागला." 

खाली उतरलं की बशीत कोवळ्या अक्रोडाचा मुरांबा तयार असायचा. काळा कुळकुळीत, लवंगेच्या वासाचा, एक अक्रोड, एक चमचा, सोबत पाण्याचा ग्लास. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "हा तर मोरावळ्याचा सख्खा भाऊ!" दुसऱ्याच दिवशी तिने आपली मोरावळ्याची बरणी नेऊन दाखवली. दोघींचं इंग्रजी सारखंच तोडकंमोडकं, त्यामुळे दोघींचं छान जमायचं. आई तिला एलेनीमावशी म्हणायची. आजीचे वडील खेचरांवर सामान लादून ऑलिंपसवर पोचवायचे. डोंगरात बरंच वर गिर्यारोहकांसाठी एक दगडी निवारा आहे, तिथे पीठ, तेल, सरपण न्यायचं. लहानपणी आजी सगळ्यात पुढच्या खेचराची दोरी धरून चालायची. हे ऐकताना आईचा चेहरा असा काही झाला की मी वहीतून डोकं वर काढलं. इतक्या वर्षांत मी तिला कोणाचा हेवा करताना पाहिलं नव्हतं.

आजीचा मुलगा निक ॲरिझोनात राहायचा आणि दर सोमवारी फोन करायचा. तो वाईट माणूस नव्हता. त्याचं एकच म्हणणं होतं, आणि एका सोमवारी त्याने ते स्पष्ट सांगून टाकलं. तो ईस्टरला येणार होता. तोवर एलेनीआजी स्वतःच्या पायांनी जिना चढून स्वतःच्या पलंगावर झोपू शकली तर ठीक, नाहीतर घर विकायचं आणि तिला ॲरिझोनाला वृद्धांच्या सोसायटीत न्यायचं. फोन ठेवून आजी मांडीवरच्या हातांकडे बघत बसली. आई म्हणाली, "ईस्टर कधी आहे?" अडीच महिने होते. "भरपूर झाले. मावशी, आपण तुमच्या ऑलिंपसचा ट्रेक करायचा."

मला वाटलं आई थट्टा करते आहे. कसली थट्टा! दुसऱ्या दिवशी तिने खांद्याला सॅक लावली, त्यात पाण्याची बाटली, गूळशेंगदाणे आणि दशम्या. आजीच्या दारात नारळ फोडला. तो फुटता फुटेना, शेवटी काँक्रीटच्या कडेवर आपटला तेव्हा पाणी थेट माझ्या जॅकेटवर. मग तिने नियम सांगितले. ट्रेकमध्ये जो सगळ्यात हळू चालतो तो सगळ्यात पुढे, बाकीच्यांनी त्याच्या चालीने चालायचं, आणि लीडर सगळ्यात शेवटी. म्हणजे पुढे आजी, तिच्या मागे एक पायरी खाली आई. मी सामानवाली. फिजिओथेरपिस्टने आजीला व्यायामाचा कागद दिला होता, "चांगला पाय आधी वर, दुखरा पाय आधी खाली," तो आईने पाठ करून टाकला. एका वेळी एकच पायरी वाढवायची आणि ती नीट जमेपर्यंत पुढे जायचं नाही. पायरी चढली की तिथे थांबून आजीने सांगायचं, आपण कुठे आलो.

पहिली पायरी लिटोहोरोचा चौक, पहाटे खेचरं लादतात तो, पावाच्या भट्टीचा वास येणारा. दुसरी, नदीवरचा लाकडी पूल. तिसरीवर एका साधूची गुहा, तिथे दगडातून पाणी ठिबकतं आणि बोलायचं झालं तर हळू बोलायचं. चौथीवर जुना मठ, आजीच्या तरुणपणी लढाईत उद्ध्वस्त झालेला. पाचवी प्रिओनिया, तिथे गाडीरस्ता संपतो आणि खळाळत्या झऱ्यावर बाटल्या भरून घ्यायच्या, कारण पुढे पाणी नाही. आई खरंच बाटली काढून तिला घोटभर पाजायची. सहावीवर बीच झाडांचं दाट जंगल. पावसानंतर तिथे काळ्या अंगावर पिवळे ठिपके असलेले सॅलमँडर वाटेवर येऊन बसतात आणि खेचरांना दोन पावलं थांबावं लागतं. मग बीच संपतात आणि वाऱ्याने वाकवलेले म्हातारे पाइन सुरू होतात. त्यांच्या सालीचा वास सांगताना आजी स्वतःचंच मनगट हुंगायची. एकेका पायरीवर आठवडा आठवडा गेला. खिडकीबाहेर सगळं पांढरं, सपाट, आणि आम्ही तिघी जिन्यात उभ्या, झाडांखाली. आता इतक्या वर्षांनी मला त्या घरातला टीव्ही कुठे होता ते आठवत नाही, पण सहाव्या पायरीवरची सावली आठवते. माझं इंग्रजी उत्तर देणं त्या दिवसांत कधी बंद झालं तेही मला कळलं नाही.

सातवी पायरी, वळणावरची रुंद जागा, म्हणजे निवारा. तिथे आईने स्टूल ठेवलं होतं. आजी त्यावर टेकली, दशमीचा तुकडा मोडला, आणि म्हणाली, "झालं. इथे खेचरं थांबतात." आई म्हणाली, "आणि वर?" आजीने मान हलवली. वर ती कधी गेलीच नव्हती. वडील म्हणायचे, पुढे नुसता खडक आहे, ती पोरींची जागा नाही, सामान उतरव आणि माघारी फिर. सत्तर वर्षांपूर्वीची ती गोष्ट सांगताना तिचा आवाज दुखावल्यासारखा झाला. त्यानंतर आम्ही रोज सातवीपर्यंत जायचो आणि परत फिरायचो. पाय आता चांगला चालत होता, तरी आठवीवर ती पाऊल टाकेना. मला तेव्हा वाटायचं ती हट्टी आहे. वर त्या बंद बेडरूममध्ये कोस्टास गेला होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चौदा वर्षांच्या डोक्यात काय येतं म्हणा.

ईस्टरला दोन आठवडे राहिले. एका दुपारी आईला डेंटिस्टकडे जायचं होतं, म्हणून मी एकटीच दिवा लावायला गेले. आजी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती. म्हणाली, "आज मीच येते तुझ्याबरोबर. तुझ्या आईला सरप्राइज देऊ." मी बूट काढत होते. तिने आपल्या जाड तळाच्या बुटांकडे बघून विचारलं, "मीपण काढू?" आणि मी, आईची गुणी लेक, म्हणाले, "हो, वर देव आहेत ना." तिने बूट काढले. तिच्या पायात नायलॉनचे मोजे होते. पाचव्या पायरीवर तिचा पाय सटकला. मी मागे असायला हवं होतं, मी पुढे होते. चार पायऱ्या ती बसल्या बसल्या घसरत गेली, खाली एका बाजूला कलंडली आणि मनगट धरून ओरडली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. तिचे बूट पहिल्या पायरीजवळ नीट जोडीने ठेवलेले होते, माझ्या बुटांशेजारी.

मनगटाला फ्रॅक्चर झालं, खुबा वाचला. हॉस्पिटलकडून कळताच निकने आईला फोन लावला. तुम्ही डॉक्टर आहात का, नर्स आहात का, कोणाला विचारून माझ्या म्हाताऱ्या आईला जिने चढवत होता, असं बरंच काही तो बोलला आणि शेवटी म्हणाला की तिच्यापासून लांब राहा. घराबाहेर विक्रीची पाटी लागली. संध्याकाळी बाबा जेवले नाहीत. "इथे लोक कशावरूनही केस करतात, सुनंदा. आपली फाईल अडकलेली आहे. उगाच कशाला पाय टाकायचा त्यांच्यात?" आई म्हणाली, "पाय टाकला म्हणूनच सातवीपर्यंत पोचली ती." "आणि खालीही आली!" बाबा म्हणाले. मग मी रडत रडत सांगून टाकलं की बूट मी काढायला लावले.  आई माझ्याकडे बघत राहिली, आणि मला वाटलं आता बसणार एक. ती म्हणाली, "शिकवलं कोणी तुला ते? मीच ना? मग चूक माझी." मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटतं.

आठवडाभर कोणी कोणाकडे गेलं नाही. दिवा विझलेलाच होता. मग एका सकाळी बेल वाजली. दारात एलेनीआजी, एक हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्यात काठी, वितळत्या बर्फातून एकटी आलेली. ती म्हणाली, "निकने माझ्या जिन्यावर मनाई केली आहे. तुमच्या जिन्याबद्दल तो काही बोलला नाही." आई हसली आणि रडली, दोन्ही एकदम. आजी पायपुसण्यावर वाकून बूट काढायला लागली, तेव्हा आईने तिचा दंड धरला. "नाही मावशी. बूट घालूनच." आमच्या घरात प्लंबरलासुद्धा दारात बूट काढावे लागायचे. त्या पुढच्या दिवसांत आमच्या क्रीम रंगाच्या कार्पेटवर चिखलाची पावलं उमटत गेली आणि आईने ती पुसली नाहीत. सगळं उलटं होतं, कठडा दुसऱ्या हाताला, वळण दुसऱ्या बाजूला. नशीब, चांगला हात कठड्याच्या बाजूला होता. आजी म्हणायची, "हा डोंगर मी आरशात चढते आहे." बाबा एकदा लवकर घरी आले, त्यांनी ते पाहिलं, आणि शनिवारी कठड्याचे सैल स्क्रू आवळून ठेवले. पण इथेही ती सातवीवरच थांबायची.

ईस्टरच्या रविवारी दुपारी तिनेच आम्हाला बोलावलं. टेबलावर लालभडक रंगवलेली अंडी, वेणीसारखा गोड पाव. निक उंच, टक्कल पडलेला, अवघडलेला. त्याने बाबांशी हात मिळवला आणि आईकडे बघायचं टाळलं. जेवण झाल्यावर आजी उठली, बुटांच्या नाड्या मला घट्ट बांधायला लावल्या, आणि जिन्याकडे गेली. निक म्हणाला, "मॉम, प्लीज." ती म्हणाली, "तूच म्हणाला होतास, ईस्टरपर्यंत." आणि आईला, "सुनंदा, मागे ये." आई निककडे न बघता तिच्यामागे जाऊन उभी राहिली. कठडा इथे प्लास्टरच्या हाताकडे आला होता, म्हणून चांगला हात भिंतीला टेकवून ती चढत होती, आणि त्यांच्या चकचकीत लाकडावर तिच्या रबरी तळव्यांचा आवाज येत होता. चौक. पूल. गुहा. मठ. पाचवीवर ती थांबली आणि मोठ्याने म्हणाली, "पाणी." मी धावत बाटली दिली. जंगल. निवारा.

सातवीवर ती उभी राहिली. निक खाली कठडा धरून होता. "इथून पुढची वाट मला माहीत नाही," ती म्हणाली. "सुनंदा, तू सांग."

आईने कुठे पाहिला होता ऑलिंपस! तिने आजीच्या पाठीला हात लावला. मग म्हणाली, "आता कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत. उभ्या. पण घाबरू नका, प्रत्येक पायरीला हात घालायला खोबणी आहे." आठवी. मी चमकून वर पाहिलं. हा तर हरिहर होता, नाशिकजवळचा तिचा लाडका गड, मी लहान असताना जेवू घालताना सांगितलेला. "डावीकडे करवंदीच्या जाळ्या आहेत. तोंडात टाका चारदोन. चीक लागेल ओठांना." खरं तर करवंदं हरिहरच्या पायथ्याशी असतात, पण आईला आता कोण थांबवणार. नववी. दहावीवर दगडी दरवाजा लागला, डोकं वाकवून आत. अकरावीवर पाण्याचं टाकं, गार, वर आभाळ पडलेलं. बारावीवर वारा एवढा की पदर सांभाळायला लागावं. आजीचे डोळे मिटलेले होते आणि पाय बरोबर पडत होते. "आणि माथ्यावर?" तिने विचारलं. आई म्हणाली, "माथ्यावर एक छोटं देऊळ आहे, मावशी. देवापुढे दिवा नाहीये. कोणीतरी लावायला हवा."

तेरावी. आजी फळीसमोर पोचली. तिने प्लास्टरच्या हाताने काडेपेटी धरली, दुसऱ्या हाताने काडी ओढली, आणि मी खालून विचारलं, "लागला?" बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "लागला." मग तिने बेडरूमचं दार ढकललं आणि आत गेली. निक जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, ज्या माणसाच्या केसला ते दोन आठवडे घाबरले होते त्याच्या. ॲरिझोनाला परत जाण्यापूर्वी निकने पाटी काढून टाकली आणि दोन दिवस खपून जिन्यावर स्वतःच्या हाताने कार्पेट ठोकलं. एलेनीआजी त्यानंतर तीन वर्षं जगली. रोज वर झोपायची, दिवा स्वतः लावायची. आमची फाईल त्यानंतरही हलली नाही, ती हलेपर्यंत मी कॉलेजात गेले होते.

गेल्या वर्षी मी ऑलिंपसला गेले. चौक, पूल, गुहा, सगळं जागच्या जागी होतं. बीचच्या सावलीत मला सॅलमँडर भेटला. दुपारी निवाऱ्यावर पोचले, अंगणात खेचरं उभी होती, त्यांच्या पाठीवरून पिठाची पोती उतरवत होते. इथून पुढे झाडंच नाहीत. नुसता करडा, भुसभुशीत खडक, वळणावळणाची वाट आणि त्यावर ढग. मी बाकावर बसून आईला फोन लावला. आई आता सत्तरीला टेकली आहे, दोन्ही गुडघे बदललेत, नेपरव्हिलच्याच घरात असते आणि जिना मोजून चढते. मी कुठे आहे ते सांगितलं. मग तिने विचारलं, "वर दिसतंय का गं काही? करवंदं आहेत?"

मी त्या उघड्याबोडक्या खडकाकडे बघितलं.

"आहेत ना," मी म्हटलं. "पण अजून कच्ची आहेत."